एक तारखेला येतो

वाढलेली तीन पानं तशीच टाकून रेगेकाकू अंगणात धावल्या. फाटकाशी टेंपो उभा होता आणि त्यात वरच्या भाडेकरूंचं कपाट चढत होतं.

"अगं, हे काय? अकरा महिन्यांचा करार दिवाळीतच संपला, तरी महिन्याच्या बोलीवर राहू दिलं तुम्हाला! निघायच्या आधी महिनाभर सांगायचं, एवढंच ठरलं होतं ना?"

रायपूरहून आलेली, काकूंकडूनच मराठी शिकलेली शुभ्रा गोंधळली. "सांगितलं होतं की, काकू! गेल्या एक तारखेला तुम्ही तुळशीला पाणी घालत होतात. मी म्हटलं, पुढच्या एक तारखेला आम्ही जातो."

काकूंना ती सकाळ आठवली. त्यांनीच तेव्हा तिला दटावलं होतं, "जातो म्हणू नये गं, येतो म्हणावं!" मग तिनं शहाण्यासारखं वाक्य सुधारलं होतं, "एक तारखेला आम्ही येतो." काकूंच्या कानात तेवढंच राहिलं. दोघं जेवायला येणार म्हणून तर आज पुरणपोळ्या केल्या होत्या.

टेंपो सुरू झाला. शुभ्रानं खिडकीतून हात हलवला. "येतो हं, काकू!"

"कधी?" काकूंनी आयुष्यात पहिल्यांदाच विचारलं.