आवक क्रमांक तीनशे अठरा

गुलाबी चिठ्ठी भलत्याच इमारतीच्या फायलीत निघाली. तिने ती दोनदा वाचली, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा. अक्षर दादाचंच होतं. 'मागच्या लिफ्टच्या दोराचे तीन पदर तुटलेत. दोर बदलेपर्यंत लिफ्ट बंद ठेवा.' खाली तारीख होती, अपघाताच्या चार दिवस आधीची.

बारा वर्षं ही चिठ्ठी कुणाला सापडली नव्हती. लिफ्ट कोसळली, एका शिक्षिकेचा पाय गेला आणि सगळं खापर फुटलं ते मेकॅनिकवर, म्हणजे तिच्या थोरल्या भावावर. त्याची नोकरी गेली, परवानाही गेला. आता तो एका इमारतीत वॉचमन होता. तिथली लिफ्ट अडकली की तो दुसऱ्या मेकॅनिकला फोन करायचा आणि बाजूला उभा राहायचा.

लिफ्टची देखभाल करणाऱ्या त्यांच्या कंपनीची पद्धत साधी होती. बिघाड दिसला की मेकॅनिकने चिठ्ठी ऑफिसातल्या आवक खिडकीत द्यायची. खिडकीवरच्या माणसाने तिच्यावर आवक क्रमांकाचा शिक्का मारायचा, मग रजिस्टरात तोच क्रमांक आणि इमारतीचं नाव लिहून सही करायची. चौकशीत अपघात झालेल्या इमारतीच्या नावाने काहीच निघालं नाही. दादा म्हणाला, चिठ्ठी दिली होती. कुणाला दिली, तर म्हणे आठवत नाही. पुढे जो मूग गिळून बसला तो बसलाच.

तिला राग आला होता तो ह्याचाच. अपघाताच्या सहाच महिने आधी दादानेच शब्द टाकून तिला ह्या कंपनीत चिकटवलं होतं, आणि मग त्याच्यापायी ऑफिसात मान वर करायची चोरी झाली होती. घरी सगळ्यांसमोर ती बोलून गेली, "दिली असतीस तर आठवलं असतं. खोटं तरी धड बोलायचं." दादाने ताटातलं संपवलं आणि हात धुतला. त्याच आठवड्यात ती नोकरीत कायम झाली. तेव्हा नवा डबा घेऊन तो दारापर्यंत आला, आत मात्र आला नाही. त्यानंतर भावाबहिणीचं बोलणं म्हणजे बरी आहेस ना, बरा आहे, एवढंच. बोललेला शब्द काही परत घेता येत नाही. तिने बारा वर्षं तो जिभेवर घोळवला.

कंपनीने आता सगळे जुने कागद संगणकात भरले होते. त्यांतून हवं ते काढून देणारं एआयचं एक नवं साधन आलं होतं. ऑफिसात त्याला सगळे शोध्या म्हणत. प्रश्न विचारला की शोध्या एका कागदावरून त्याला जोडलेल्या दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर असा जायचा आणि सगळी माळ समोर ठेवायचा. पण दुवा नसेल तिथे त्याची मजल नव्हती. कुठला कागद कुठल्याशी जोडायचा हे बघणं तिचं काम. बाकीचे कंटाळायचे, ती मात्र एकेक पान उलटून बघायची. कशासाठी, ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

दुपारी तिने दादाला फोन लावला. चिठ्ठी सापडली हे सांगितलं. मी तुला खोटं पाडलं, माझं चुकलं, हेही तिने एका दमात सांगून टाकलं.

"फाडून टाक," दादा म्हणाला.

"वेडा आहेस का? परवाना परत मिळेल तुला."

"पुढच्या वर्षी साठी गाठतोय. परवाना घेऊन काय करू? बाई गं, ऐक माझं. तो कागद कशालाही जोडू नकोस."

मन विटलंय बिचाऱ्याचं, तिला वाटलं. चोर सोडून संन्याशाला सुळी दिली, आणि संन्यासी म्हणतोय राहू दे. चोर कोण ह्याबद्दल तिला शंका नव्हती. खिडकी तात्यांची होती. तात्या म्हणजे तेव्हाचे हेडक्लार्क, सदा पेंगणारे. ते जेवायला गेले की समोर असेल तो खिडकीत बसे, पण एरवी तात्याच. भलत्या इमारतीचं नाव लिहून मोकळे झाले असणार, आणि वर चौकशीत मान हलवत बसले होते. पेन्शन घेऊन मजेत आहेत आता. तिने दात-ओठ खाल्ले आणि दादाचं न ऐकता रजिस्टराचं पान न उघडताच चिठ्ठीवरच्या क्रमांकाचा दुवा त्याला जोडून दिला.

मग ती थेट मॅनेजरच्या खोलीत गेली. मॅनेजर नवे होते, पण माणूस सरळ. त्यांनी चिठ्ठी वाचली आणि म्हणाले, हे खरं असेल तर तुमच्या भावाची आपण लेखी माफी मागू. फक्त चिठ्ठी वेळेवर आली होती हे रजिस्टरवरून दिसलं पाहिजे, आणि ती दाबली कुणी तेही कळलं पाहिजे. तिने मान डोलावली. तिलाही तेच हवं होतं.

मॅनेजरनी पडदा तिच्याकडे वळवला. "विचारा तुम्हीच."

तिने लिहिलं, ही चिठ्ठी कुणी घेतली होती?

शोध्याने आधी चिठ्ठी पुढे केली. मग चिठ्ठीवरच्या क्रमांकावरून रजिस्टराचं पान काढलं, तारीख तीच, वेळ दुपारी दीडची. तीनशे अठरा क्रमांकाच्या ओळीत इमारतीचं नाव चुकीचं लिहिलेलं होतं, आणि त्यापुढे सही होती तिची.