धरलेली जागा

"ही जागा धरलेली आहे," विनोदिनीबाई म्हणाल्या आणि खिडकीकडच्या जागेवरचा रुमाल त्यांनी पुन्हा नीट पसरला.

पेडण्याहून पणजीला जाणारी सकाळची बस अजून सुटली नव्हती, तरी आत पाय ठेवायला वाव नव्हता. कंडक्टर दत्तप्रसाद माणसांतून वाट काढत आला.

"बाई, रुमाल टाकायचा तो बस सुटेपर्यंत. धारगळपर्यंत रोज सीट रिकामी नेऊ काय? तुमची नात उभी आहे बघा."

"तिचे पाय तरुण आहेत. दोन सीटांचं तिकीट कापलंस ना?"

"कापलं."

"मग धारगळपर्यंत रुमाल बसेल."

दत्तप्रसाद लहानपणी शाळेत त्यांच्याच हाताखाली शिकला होता. तो पुढे सरकला.

हर्षा आजीच्या शेजारी दांडा धरून उभी होती. मागच्या महिन्यात तिनं अचानक बस सोडली होती. कॉलेजात जायला स्कूटर द्या, मी एकटी जाईन, असा हट्ट धरून बसली. तिचे वडील गौरेश ऐकेनात. हायवेवर ट्रक कसे धावतात हे ते रोज बघत. जायचं तर बसनं, नाहीतर कॉलेज बंद, असं त्यांनी तोडून टाकलं. हर्षा रडली, पण बस का नको ते सांगेना. परीक्षा तोंडावर आली होती.

"बसही सोडायची नाही आणि कॉलेजही नाही," विनोदिनीबाई मुलाला म्हणाल्या. "उद्यापासून मी तिच्याबरोबर जाते."

"ह्या वयात रोज पणजी? आणि तिथं काय करणार?"

"बागेत बसेन. माझं मी बघते."

पहिल्याच दिवशी धारगळला परेश चढला. इस्त्रीचा शर्ट, चापून बसवलेले केस, पणजीत एका कंपनीच्या कचेरीत नोकरी. त्याला बघताच हर्षानं मान खाली घातली आणि पुस्तकं छातीशी धरली. बाईंनी एकदा नातीकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे. दुसऱ्या दिवसापासून रुमाल पसरला जाऊ लागला.

"तो बसत नाही हो, बाई," दत्तप्रसाद तेव्हा म्हणाला होता. "जागा असली तरी उभाच असतो. दुसऱ्याला बसू देतो."

"आता बसेल," बाई म्हणाल्या होत्या.

आजही धारगळला बस थांबली आणि परेश वर आला.

"ये रे पुता. आत सरक."

तो खिडकीकडे बसला. बाई वाटेच्या बाजूला ऐसपैस टेकल्या. मग रोजच्यासारखी कापडी पिशवी त्यांनी त्याच्या मांडीवर ठेवली.

"दोन्ही हातांनी धर हं. अंडी आहेत. खाली भाताचा तूस घातलाय, पण रस्त्याचा काय भरवसा?"

म्हापशाच्या बाजारात भाजी विकणारी यशोदा मागच्या सीटवरून म्हणाली, "पणजेत अंडी मिळनत नाय काय, बाई रोज नेतत ती?" आणि स्वतःच उत्तर दिलं, "मिळतत गो. पण जावयाक ओझा उचलूची सवय नको?"

बस हसली. परेश लाजला. हर्षा खिडकीबाहेर बघत राहिली.

बाईंनी ना हो म्हटलं, ना नाही. वाटेत उभ्या असलेल्या शाळेच्या मुलांना त्यांनी एक कोडं घातलं. मुलं उत्तरासाठी मागं लागली.

"सांगणार नाही. खुणा दिल्या आहेत, डोकं चालवा. मला घाई नाही."

मग त्या परेशकडे वळल्या. रोज थोडं थोडं विचारून त्याचं सगळं घर त्यांना पाठ झालं होतं. देवळामागची वाडी, दारातला नारळ, कचेरीतला साहेब कोण, आईचं नाव अश्विनी. पोरांकडून पाढे म्हणून घ्यावेत तसं त्या विचारत, आणि तो खुशीनं सांगे.

"बहीण आहे म्हणालास ना? ती कशी जाते रे कॉलेजात?"

"सिद्धी? तिला मीच सकाळी स्कूटरवरून सोडून येतो. नंतर बस पकडतो. बसमध्ये गर्दी असते हो, बाई. मुलींना बरं नव्हे."

"खरं आहे," बाई म्हणाल्या. "भाऊ असावा तर असा."

कोलवाळचा पूल गेला. म्हापशाला यशोदा टोपल्या घेऊन उतरली, शाळेची मुलं उतरली. मागं सीटा रिकाम्या झाल्या. हर्षा तिकडं जाऊन बसली, पुस्तक उघडून वाचू लागली. बाई मात्र जागच्या हलल्या नाहीत.

पर्वरी मागं पडल्यावर परेशनं घसा साफ केला.

"बाई, येत्या रविवारी आईबाबांना तुमच्याकडे पाठवू का? सगळे म्हणतातच, तर..."

दत्तप्रसादनं तिकिटांचं यंत्र खाली केलं आणि कान दिला.

"त्यांना कशाला त्रास?" बाई म्हणाल्या. "आम्हीच येतो. हर्षाला घेऊन. आधी तुझ्या आईला भेटायचंय मला. ती असेल ना घरी?"

"असेल तर! मी सांगून ठेवतो."

पणजीच्या स्थानकावर त्यानं पिशवी दोन्ही हातांनी जपून परत दिली, वाकून बाईंच्या पायांना हात लावला आणि उतरून गेला. दत्तप्रसाद म्हणाला, "लाडू कधी, बाई?"

"पेढे देईन. हर्षा पास झाली की."

दोघी खाली उतरल्या. हर्षाचा चेहरा उतरला होता.

"आजी, सगळ्या बसला काय वाटतंय, माहीत आहे ना?"

"वाटू दे."

"रविवारी माझ्या तोंडून शब्द फुटायचा नाही."

"फुटेल. मी शेजारी बसेन, घाई करणार नाही. वर्गात किती मुकी पोरं बोलती केली मी."

हर्षानं आजीच्या हातातली पिशवी घेतली आणि आत हात घातला. तूस होता. तुसाखाली नदीतले चार गोटे होते.

"आजी, अंडी कुठं आहेत?"

"अंडी कशाला हवीत?" विनोदिनीबाई म्हणाल्या. "त्याचे दोन्ही हात पणजीपर्यंत माझ्या डोळ्यांसमोर राहिले, तेवढं पुरे. रविवारी त्याच्या आईला तू फक्त एवढंच सांग, त्याआधी गर्दीत ते हात कुठं असायचे."