शेवटच्या गाडीवरची नावं

“इंजिनाच्या झाकणाआतली ती चार नावं खरी आहेत ना, काका? तुम्ही हो म्हणालात की आज दुपारीच निरंजनला तीन लाख देऊन टाकतो.”

फोनवर पुण्याचे कोणी शेठ होते. जुन्या गाड्या जमवायचा त्यांना नाद होता. पण ‘तीन लाख’ हे शब्द कानावर पडले आणि मारुतरावांना पुढचं काही ऐकूच येईना. आठच दिवसांपूर्वी त्यांनी तीच स्कूटर, जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करणाऱ्या निरंजनला तीस हजारांना दिली होती. वर त्याला चहा पाजला होता. तो गेल्यावर बायकोला म्हणालेही होते, “भंगाराला तीस हजार! असं येडं गिऱ्हाईक रोज भेटो.”

गाडी साधी नव्हती. भोसरीच्या त्यांच्या बंद पडलेल्या कंपनीतून निघालेली ती शेवटची स्कूटर. ती लाइनवरून उतरली त्या दिवशी मारुतरावांसह फिटिंगच्या चौघांनी इंजिनाचं झाकण काढून आतल्या बाजूला खिळ्याने आपापली नावं कोरली होती. पुढे मारुतरावांनी ती विकत घेतली आणि पंचवीस वर्षं मिळेल त्या रस्त्यावर पिटाळली. चौघांतले तिघं गेले. नावं खरी की खोटी हे सांगणारे आता एकटे मारुतराव उरले होते. हे सगळं त्यांनीच निरंजनला मोठ्या हौसेने सांगितलं होतं. चौघांतल्या भिवाचं घर दापोडीत कुठल्या गल्लीत होतं तेसुद्धा.

त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घाम आपण गाळला, गाडी आपण जपली, आणि कालचं पोर आठ दिवसांत दोन लाख सत्तर हजार खिशात घालणार. ते तीस हजार सकाळपर्यंत किती गोड होते!

“कसली खरी!” ते फोनवर म्हणाले. “मीच कोरली ती, मागल्या महिन्यात. गिऱ्हाईक भुलावं म्हणून.”

शेठनी आभार मानून फोन ठेवला. मारुतरावांना फार बरं वाटलं. आता सौदा मोडणार. निरंजन बोंबलत गाडी परत आणणार. ती आपण पडेल भावात घ्यायची, चार महिने गप्प बसायचं, मग दुसरा शेठ गाठायचा आणि नावं पुन्हा खरी करायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो दारात आला. मागे स्कूटर होती. निरंजन उतरला, पण तो बोंबलत नव्हता. त्याने पुढच्या सीटवरून एका म्हातारीला हात धरून उतरवलं. मारुतराव चपापले. भिवाची बायको, गिरजाबाई.

भिवा आणि मारुतराव सव्वीस वर्षं एका डब्यात जेवले होते. भिवा शाळेत गेलाच नव्हता. पगार घेताना अंगठा लावायचा.

“भाऊजी,” गिरजाबाई म्हणाल्या, “ह्यो पोरगा म्हनतोय, तुमी सांगितलं, नावं खोटी हायती. मी म्हनलं, आमचं भाऊजी असं बोलायचं न्हाईत. त्येंच्या तोंडनं ऐकल्याबिगर मी इस्वास ठेवायची न्हाई. ह्ये मरंस्तवर सांगायचे, गिरजे, आख्ख्या जल्मात एकदाच नाव लिवलं, ते शेवटच्या गाडीवर. ह्येंनीच लिवलं न्हवं?”

मारुतरावांनी निरंजनकडे पाहिलं, मग गाडीकडे. आत्ता ‘हो’ म्हटलं की टेम्पो तसाच पुण्याला जाणार आणि तीन लाख निरंजनच्या घशात. गिरजाबाईंची त्यांना कीव आली नाही असं नाही. आली. पण ती तीन लाखांपुढे फार वेळ टिकली नाही.

“वहिनी,” ते म्हणाले, “भिवा थापा मारायचा. त्याला कुठं लिहिता येत होतं? मीच कोरलंय ते.”

गिरजाबाईंचा चेहरा उतरला. निरंजनने कपाळाला हात लावला. “वीस द्या काका, आणि ठेवा तुमचं धूड.”

“पंधरा,” मारुतराव म्हणाले, आणि लगबगीने पैसे आणायला वळले.

तेवढ्यात गिरजाबाईंनी पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला एक फोटो बाहेर काढला आणि टेम्पोच्या बॉनेटवर ठेवला. नावं कोरली त्या दिवशी कंपनीच्या माणसाने फोटो काढला होता, हे मारुतराव साफ विसरले होते. मागे तीच स्कूटर, तिला लावलेल्या पाटीवर चासी नंबर स्वच्छ दिसत होता. भिवा झाकण मांडीवर घेऊन बसला होता, हातात खिळा. मारुतराव त्याच्यावर वाकून, त्याचं मनगट धरून त्याच्याकडून अक्षर काढून घेत होते. दोघंही हसत होते.

निरंजनने फोटो डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. मग शांतपणे जाऊन टेम्पोचा मागचा फाळका नीट लागलाय का ते बघून आला.

“मावशी, हा फोटो मला द्याल? शेठला दाखवतो. पन्नास हजार देतो, आत्ता, रोख.”

“वहिनी, माझं ऐका जरा…” मारुतराव पायरीवरून खाली आले.

गिरजाबाईंनी त्यांच्याकडे वळूनही पाहिलं नाही. फोटोवर बोट ठेवून त्या निरंजनला म्हणाल्या, “पैसं नगंत मला. ह्येंचं मनगट धरलेला ह्यो मानूस तेवढा कापून टाक. मग फुकट ने.”