तिन्ही फायली

"एक जरी चुकलं ना काका, तर उद्यापासून हे काम मशीन करेल," मॅनेजर बाईंनी सांगून टाकलं.

काकांनी मान डोलावली आणि हेडफोन कानांवर चढवले. गाणी विकणाऱ्या या कंपनीत स्टुडिओतून आलेलं प्रत्येक मूळ रेकॉर्डिंग तेच ऐकून पास करत. त्याच्या विक्रीच्या फायली नंतर इंजिनिअर बनवी. ऑफिसात काकांना कानसेन म्हणत, निम्मं कौतुकानं, निम्मं चेष्टेनं.

हल्ली ग्राहक कुरकुरत होते. दुप्पट पैसे मोजून मोठी फाइल डाउनलोड करावी, तर दिवसभर चालणारा प्लेअर बॅटरी संपून दुपारीच मान टाकतो. आणि आवाजात म्हणाल तर फरक शून्य. बाईंनी सरळ हिशोब केला. फरकच कळत नसेल तर ऐकायला पगारी माणूस कशाला?

म्हणून आज परीक्षा. गाणं एकच, फायली तीन: लहान, मधली, मोठी. क्रम फक्त इंजिनिअरला ठाऊक.

काकांनी पहिली ऐकली, दुसरी ऐकली. तिसरी अर्ध्यातच थांबवून हेडफोन काढून ठेवले.

"तिन्ही लहानच आहेत."

बाई इंजिनिअरकडे बघून हसल्या. "झालं तर मग. काका, वाईट वाटून घेऊ नका, वयाप्रमाणे कान—"

"माझे कान शाबूत आहेत. झांज वाजते ना, तिचा नाद विरत जायला हवा. इथे तो कापल्यासारखा थांबतो. तिन्हीत, एकाच जागी." मग ते इंजिनिअरकडे वळले. "मोठी फाइल कशावरून केलीस रे?"

इंजिनिअरनं तिन्ही फायलींचे आलेख पडद्यावर उघडले. वरचा, उंच स्वरांचा भाग तिन्हींचा सारखाच छाटलेला होता. त्याचे कान लाल झाले.

"मूळ रेकॉर्डिंग फार जड असतं," तो शेवटी म्हणाला. "उघडायलाच अर्धा तास जातो. म्हणून घाई असली की मी लहान फाइलच फुगवून मधली आणि मोठी करत होतो."

"म्हणजे दुधात पाणी घालून भांडं भरलंस," काका म्हणाले. "लोकांनी पैसे जास्त दिले, बॅटरी जास्त जाळली आणि ऐकलं तेच."

बाईंनी उठून दार लावून घेतलं. आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "तुमच्याशिवाय हे कुणाच्या लक्षात येणार आहे, काका?"

"तुमच्या आलंय."

काकांचा बाईंना मनापासून राग आला होता, आणि तो चुकीच्या माणसावर आहे हेही कळत होतं. मग त्यांनी इंजिनिअरला मोठ्या फायलींची विक्री थांबवायला सांगितलं.

"विकलेल्या चारशे गाण्यांपैकी आणखी कितींचं असं झालं असेल?" बाईंनी विचारलं. इंजिनिअरनं नोंद ठेवली नव्हती.

"ते ऐकूनच सांगावं लागेल," काका म्हणाले. "मला खुर्ची तेवढी दुसरी द्या. चारशे गाण्यांना ही टिकायची नाही."