टॉर्केल्सनांची तीन मतं

“बाबा, आई कुणाला मत देते हे तू तिला कधी विचारलंयस?”

पैजच लागली होती. शाळेच्या बसमध्ये रोवेना आणि मॅज ह्या मैत्रिणी सिग्नेला म्हणाल्या होत्या, तुझ्या बाबांना एवढं एकच विचारून दाखव, तेही जेवताना, आईच्या देखत. सिग्नेने विचारलं आणि लगेच सॉसेजचा मोठ्ठा घास तोंडात कोंबला. हसू फुटलं असतं तर पैज हरली असती.

हसला तो तिचा बाबा, लायल टॉर्केल्सनच. “त्यात विचारायचं काय? ह्या घरात तीन मतं. तिन्ही हॅस्केलची.” त्याने ताटाशेजारच्या क्लिपबोर्डवर बोट आपटलं. गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत हॅस्केलच्या प्रचारासाठी गावातल्या प्रत्येक दारावर तो स्वतः जाऊन आला होता. नावापुढे आकडा. एक म्हणजे पक्का आपला, पाच म्हणजे पक्का प्रेंटिसबाईंचा, तीन म्हणजे कुंपणावर बसलेला, अजून न ठरलेला. पहिल्या पानावर, सगळ्यांत वर, त्याचंच घर. लायल, एक. आर्डिस, एक. सिग्ने, एक.

“माझ्या दारावर कधी आलास तू?” सिग्नेने घास गिळत विचारलं.

“तुझं दार उघडं असतं कधी?”

आई, आर्डिस, बटाटे वाढत होती.

भिंतीवरचा फोन वाजला. लायलने उचलला, ऐकलं आणि फोनवर तळहात ठेवून कुजबुजला, “जनमत चाचणी!” लॉटरी लागावी तसा त्याचा चेहरा झाला. हॅस्केल एका टक्क्याने मागे होता. अख्ख्या विस्कॉन्सिन राज्यातून सहाशे माणसांना विचारायचं, म्हणजे एकेकाचं उत्तर चार हजारांच्या वतीने. “विचारा बाई, विचारा! लिहायला घ्या.”

मग त्याचा आवाज खाली आला. “म्हणजे? अठराच्या वरचा... ज्याचा वाढदिवस सगळ्यांत अलीकडे झाला तो? माझा मे महिन्यात. बायकोचा जुलैत...”

तो थांबला. सिग्नेच्या केकचा शेवटचा तुकडा अजून फ्रीजमध्ये होता. नऊ दिवसांचा.

“अहो, ती शाळेत जाते! तिचं मी सांगतो ना.”

पलीकडचा आवाज बहुतेक ऐकत नव्हता. लायलने फोन पुढे केला, पण सोडला नाही. “हॅस्केल म्हणायचं. एवढंच. हॅस्केल.”

सिग्नेने फोन ओढून घेतला.

“मिस टॉर्केल्सन?” थकलेला, सरळ आवाज. मुख्याध्यापकांची खोली सोडली तर तिला अशी हाक कुणी कधी मारली नव्हती. “गव्हर्नरपदासाठी आज मतदान असतं, तर तुम्ही कुणाला मत दिलं असतं? प्रेंटिस, हॅस्केल, दुसरं कुणी, की अजून ठरलेलं नाही?”

लायल ओठ हलवत होता. हॅस्केल, हॅस्केल. हातातला काटाही तालावर हलत होता.

“पुन्हा वाचाल का?”

बाईंनी पुन्हा वाचलं. शब्द न् शब्द तोच.

“बाबा म्हणतो हॅस्केल,” सिग्ने म्हणाली. “पण त्याला तर तुम्ही विचारलेलं नाही.”

“मला तुमचंच उत्तर लिहायचंय, मिस.”

“मग लिहा, ठरलेलं नाही.”

लायलने काटा ताटात टाकला.

“थोडा तरी कल कुणाकडे?” बाईंनी पुढची ओळ वाचली.

लायल उठलाच. टेबलावरून वाकून त्याने हात पुढे केला. सिग्नेने फोनची वायर ताणली आणि फ्रीजला पाठ टेकली. कान लाल झाले होते, पण आवाज स्वच्छ निघाला, वर्गात तोंडी परीक्षेला निघतो त्याहून स्वच्छ. “नाही. गुरुवारी दोघांची वादसभा आहे. ती ऐकल्याशिवाय नाही.”

“लिहिलं.”

“चार हजार माणसं!” लायल खुर्चीत कोसळला. “चार हजार माणसं तू एका फटक्यात कुंपणावर नेऊन बसवलीस, पोरी!”

“ती आधीपासूनच बसली असतील, बाबा. तुला दिसली नसतील.”

तेव्हा आर्डिसने चमचा खाली ठेवला. “सिग्ने, त्यांना विचार जरा. ह्या घरात आणखी कुणाला विचारणार आहेत का?”

सिग्नेने विचारलं. “एका घरातून एकच म्हणतायत, आई.”

“असं होय,” आर्डिस म्हणाली. “राहिलं मग.”

लायलने बायकोकडे पाहिलं. ती बटाट्यांवर मीठ टाकत होती.

उरलेल्या प्रश्नांना सिग्नेने चटचट उत्तरं दिली. वय अठरा. शिक्षण, शाळेचं शेवटचं वर्ष. मत देणार? नक्की, अगदी नक्की. फोन ठेवून तिने क्लिपबोर्ड उचलला, पेन्सिलीच्या मागच्या रबराने आपल्या नावापुढचा एक खोडला आणि तिथे तीन लिहिला. खालच्या-वरच्या नावांना हात लावला नाही. पेन्सिल मात्र तिने आईच्या ताटाशेजारी ठेवली.

“खोडाखोड चालत नाही त्यावर,” लायल पुटपुटला. “प्रचाराच्या ऑफिसात द्यायचंय ते.”

“मग पेन्सिलीने कशाला लिहिलंस?”

सिग्ने खुर्चीमागे उभी राहिली, दोन्ही हात खुर्चीच्या पाठीवर टेकवून, शाळेच्या स्टेजवर उभी राहते तशी. पैज केव्हाच जिंकून झाली होती. हे पैजेतलं नव्हतं.

“दोघंही ऐका. मतदानाच्या दिवशी मी तुझ्या पिकअपमधून येणार नाही, बाबा. तू टाउन हॉलच्या दारात उतरवणार, हातात आधीच खुणा केलेली नमुना मतपत्रिका देणार, ते मला नको. आजोबांची जुनी निळी गाडी मी स्वतः चालवत नेणार. बाबा, तुला यायचं असेल तर मागे बस, पण वाटेत हॅस्केलचं नाव काढायचं नाही. आणि आई, पुढची सीट तुझी.”