ग्रीन टीची बाटली

पूनम नर्सने पट्टी सोडली. धर्माजीच्या पायाचा अंगठा मधुमेहापायी गेल्याच साली कापला होता. आता शेजारची बोटं काळी पडली होती. उद्याच्या उद्या अलिबागला न्या, पाऊल राहील की जाईल ते डॉक्टरच सांगतील, एवढंच ती म्हणाली.

जनीला ते पटेना. नवऱ्याच्या जिभेवर तिने डोळ्यांत तेल घालून पहारा ठेवला होता. साखर बंद, भात मूठभर, दुधाचा चहा तर घरातून हद्दपार. त्याऐवजी सकाळ-संध्याकाळ ग्रीन टी. मुलगा रत्नपाल उरणहून बाटल्यांचे खोके आणायचा. त्यात अँटिऑक्सिडंट असतात, रक्त साफ होतं, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. मग हे झालंच कसं?

पूनमने बाटली मागितली. मागची बारीक अक्षरं वाचता वाचता तिचा चेहरा उतरला.

"काकी, ह्यात साखर आहे. एका बाटलीत पाच-सहा चमचे."

चहाचा गुण बाटलीत नावालाच उरतो, घरी पानं भिजवून केला तर तो खरा मिळतो, असंही ती सांगत होती. पण जनीला त्यापुढचं काही ऐकूच आलं नाही.

पानांचा डबा घरात होता. मुलाने आधी तोच आणला होता. तेव्हा जनीने आपल्या रीतीने त्या पानांत गवती चहा टाकला, रटारटा उकळला, वर दूध ओतलं. ते गढूळ पाणी तिचं तिलाच गिळवेना. कंपनीवाल्यांना बरोबर जमत असेल, असं म्हणून तिने डबा फळीवर ठेवला आणि बाटल्या सुरू केल्या. ह्याच हातांनी पाजलं, असं तिला झालं. जीव नकोसा झाला.

ती उठली. आधण ठेवलं. पातेलं खाली उतरवून मग पानं टाकायची, उकळायची नाहीत, हे तिने पूनमला दोनदा विचारून घेतलं. आता ह्या जखमेला चहाचा उपाय नाही, असं पूनम परोपरीने सांगत होती. जनीने झाकण ठेवलं.

फिकट हिरवा कप घेऊन ती बाहेर आली, तेव्हा पूनम धर्माजीला विचारत होती, गोड लागत होतं तर बोलला का नाहीत?

"पैल्याच घोटाला कळला व्हता," धर्माजी म्हणाला. "पन अंगठा गेल्यापासून ही धड जेवत नव्हती. बाटली देताना तेवढी हसायची."

जनीच्या हातातला चहा बशीत सांडला. तिने त्याच्या मानेखाली हात घातला आणि कप ओठांना लावला.

"प्या," ती म्हणाली. "कडू हाय. प्या."