बॉनेट लाव

तांबडी घोडी. गाभण, दिवस भरत आलेले.

खिंडीचा चढ. ॲक्सिलरेटर दाबला की ईंईंईं. पाय उचलला की गप्प.

नवरोज उलटून गेल्यावर पडलेला बर्फ.

पहिला मेकॅनिक म्हणाला, गिअरबॉक्स. दुसरा म्हणाला, गिअरबॉक्स. तिसऱ्याने फोनवरच सांगितलं.

हातात हात. दिला शब्द.

हे सगळं एप्रिलमधल्या एका सकाळी कोचकोर गावात, साबिराअक्काच्या गॅरेजसमोर येऊन थांबलं होतं. टोक्तोसुन आपल्या टॅक्सीला टेकून उभा होता. समोर शेरगाझी. त्याच्या व्हॅनमध्ये जुना गिअरबॉक्स आणि हातात टोक्तोसुनच्या घोडीचा दोर. गिअरबॉक्सच्या बदल्यात घोडी, असं ठरलं होतं. टॅक्सी बंद पडली तर घर बंद पडेल. घोडीचं तसं नव्हतं. एवढाच हिशोब टोक्तोसुनने तीन रात्री केला होता, आणि तो त्याला पटला नव्हता.

"लोखंड उतरवू का?" शेरगाझीने विचारलं.

"थांब. मी अजून ऐकलं नाही," साबिराअक्का म्हणाली. तीस वर्षं तिने सामुदायिक शेतावरचे ट्रॅक्टर दुरुस्त केले होते.

"तिघांनी ऐकलंय, अक्का."

"त्यांचे कान त्यांच्यापाशी."

तिने बॉनेट उघडलं. टोक्तोसुनला आत बसवलं. गिअर टाक, एका पायाने ब्रेक घट्ट दाब, दुसऱ्याने हळूच ॲक्सिलरेटर. गाडी जागेवरच थरथरली. जोर आला तसं इंजिन एका अंगाला कललं.

आवाज नाही.

"आता का गप्प?"

"चारचौघांत लाजते," शेरगाझी म्हणाला. "माझी बायको अशीच. पाहुणे गेले की सुरू."

साबिराअक्का हसली नाही. इंजिनकडे बघत राहिली. मग मागे सरकली.

"बॉनेट लाव."

शेरगाझीने लावलं.

"दाब."

ईंईंईं.

उघडलं. गप्प. लावलं. ईंईंईं. तिसऱ्यांदा उघडलं तेव्हा मात्र अक्का एकटीच हसायला लागली.

"काय रे टोक्तोसुन, बॉनेट उघडं आहे की बंद, हे गिअरबॉक्सला कसं कळतं?"

बॉनेटच्या आतल्या बाजूला लोकरीचा जाड नमदा बांधलेला होता. इंजिन गारठू नये म्हणून तिथे सगळेच शरदात बांधतात आणि वसंतात, नवरोजच्या सणाला, काढतात. दर हिवाळ्यात तो सगळ्यांच्याच गाड्यांत असतो, म्हणून गाडी बघणाऱ्या दोघांनाही तो खटकला नव्हता. टोक्तोसुननेही नवरोजला काढला होता. मग पुन्हा बर्फ पडला आणि त्याने घाईघाईत परत बांधला. दोरी सापडेना, म्हणून गवताच्या भाऱ्याची तार घेतली. तारेचं एक टोक लांब राहिलं. बॉनेट बंद झालं की ते पट्ट्याच्या पुलीपाशी लोंबायचं, आणि चढावर इंजिन कललं की पुली त्याला घासायची. पुलीवर एक चकचकीत वर्तुळ उमटलं होतं. तारेचं टोक सुईसारखं झालं होतं.

"आवाज कधीपासून?"

"नवरोज झाल्यावर..." टोक्तोसुन म्हणाला, आणि गाडीतून उतरून शेजारच्या टायरवर बसला.

अक्काने पक्कडीने टोक तोडलं आणि त्याच्या तळहातावर ठेवलं.

"घे. हा तुझा गिअरबॉक्स."

घोडी व्हॅनला बांधून तिघं गाडीत बसले. पुलापलीकडच्या चढावर टोक्तोसुनने ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला. खिडक्या बंद होत्या. ईंईंईं नाही. चढ संपला. टोक्तोसुनने गाडी वळवली, खाली आणली आणि पुन्हा वर नेली.

"बास रे," मागून शेरगाझी म्हणाला. "पेट्रोल काय झऱ्यातून भरतोस?"

परत आल्यावर शेरगाझीने घोडीचा दोर सोडला, पण हातातच ठेवला.

"हात दिला होतास तू."

टोक्तोसुनने मान खाली घातली. हात दिला होता, हे खरं होतं. तिकडे दिलेला हात कुणी मागे घेत नाही.

"दिला होता," तो म्हणाला. "ने तू."

साबिराअक्का हात पुसत होती, ती थांबली. शेरगाझीने घोडीच्या पोटावरून हात फिरवला. आत काहीतरी हललं असावं, कारण त्याने हात तिथेच ठेवला.

"ऐंशी किलोमीटर मी ते लोखंड फिरवून आणलं," तो अखेर म्हणाला. "शिंगरू झालं आणि दूध काढून आंबवलं, की पहिला कुमिस माझा. भांडं भरून. आणि देताना हे असलं रडकं तोंड घेऊन यायचं नाही. दाराशी ठेवायचं आणि निघायचं."

त्याने दोर टोक्तोसुनच्या हातात कोंबला आणि अक्काला विचारलं, "तुझ्याकडे चहा मिळतो, की नुसता शहाणपणा?"

टोक्तोसुन सकाळी आला होता तसाच परत निघाला. स्वतः गाडीत, दोर खिडकीतून बाहेर, बाजूने घोडी. गाव बारा किलोमीटर. काटा पाचाच्या वर गेला नाही. मागून येणारे हॉर्न वाजवत होते, शिव्या देत होते. तो सगळ्यांना हात करत होता.

वाटेत त्याने बायकोला फोन लावला.

"कालिपा, दोघीही परत येतायत."

 ती म्हणाली, "हळू आण. तिचे दिवस भरलेत."

विकलेल्या जनावरामागून घरची बरकत जाऊ नये, म्हणून तिकडच्या रीतीप्रमाणे त्या सकाळी अंगणातच कालिपाने घोडीच्या तोंडाची लाळ आपल्या डोक्यावरच्या रुमालाने पुसून घेतली होती.